बुढी खेळणारी वर्षाली

अकोल्यात व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांची स्पर्धा झाली आणि तिथं अमरावतीच्या एका फुलवालीला भरल्या हॉलमध्ये माईकवरून ‘सेटिंगवाली’ म्हटलं गेलं. मी तिथं हजर होतो. माझा जन्म गेला तो रस्त्यावर फुलं-भाजी विकणाऱ्यांसाठी अतिक्रमणाच्या गाडीपुढं आडवं होण्यात. टीव्हीवरच्या मारामाऱ्यांतलं मला काही कळत नव्हतं. पण कोणी कोणाला विनाकारण चोर म्हटलं, तर ते कळायला मला शिकवणी लागत नाही. तर आधी ही पोरगी कोण ते सांगतो, मग तिथं काय झालं ते.

वर्षाली मेहरे. तिचे वडील वामनराव तिवसा रस्त्यावरच्या वावरात झेंडू, शेवंती, निशिगंध लावतात. आई बेबीताई अंबागेटच्या आत एका ओट्यावर फुलं विकते. वर्षाली बी.कॉम. होऊन त्याच ओट्यावर आईशेजारी हार ओवते. लग्न का करत नाही हे तिला विचारण्याचा अधिकार गावातल्या प्रत्येकाला आहे असं गावाला वाटतं. ती सुई न थांबवता सांगते, “मले टाइम नाही, जी. संध्याकाळी मॅच राह्यते.”

मॅच म्हणजे धर्मेंद्रच्या गेम पार्लरमध्ये. ओट्याच्या मागच्या बोळीत एक लांबोडकी खोली, दाराला पडदा, आत चार टीव्ही आणि एक दांडगा कूलर. शाळेत असताना वर्षाली तिथं गणपतीच्या फोटोला हार घालायला जायची. मे महिन्यातली अमरावती ज्यानं भोगली आहे त्याला पुढचं सांगायला नको. पोरगी हार घालून कूलरपुढं थांबली ती थांबलीच. मग कोणाचा तरी जोडीदार आला नाही म्हणून तिच्या हातात रिमोट आला. तिथल्या पोरांनी टोमणे मारले, “मेहंदी काढाले जाय वं!” त्याच पोरांना तिनं एकेक करून हरवलं. मग टोमणे बंद झाले आणि तिच्यासाठी स्टूल राखून ठेवणं सुरू झालं.

खेळ कोणता, तर ‘वार्गन’. परदेशी कंपनीची मालिका आहे. दोन माणसं समोरासमोर उभी राहतात, प्रत्येकाच्या डोक्यावर ताकदीची पट्टी, मधे घड्याळ. ज्याची पट्टी आधी संपली तो हरला. घड्याळ संपलं तर ज्याची पट्टी जास्त उरली तो जिंकला. असे तीन डाव, दोन घेतले की मॅच. एवढं मला समजलं, तेवढं तुम्हालाही पुरेल. वीस वर्षांत कंपनीनं याचे आठ भाग काढले. धर्मेंद्रकडे तिसरा होता. आणला होता नागपूरहून, कॉपी केलेल्या सीडीवर. आणि त्या सीडीत जागा वाचवायला मधली सगळी चित्रफीत, सगळी कथा कोणी तरी कापून टाकलेली. नुसती मारामारी उरलेली. कोण कोणाशी का लढतंय याचा कोणालाच पत्ता नाही. मग पार्लरनं आपल्या मनानंच नावं ठेवली. हिरवा पहेलवान, जळका, डबल हड्डी. आणि पांढऱ्या केसांची, कमरेत वाकलेली, हातात काठी घेतलेली एक म्हातारी होती, ती बुढी. वर्षाली बुढी खेळते. बुढीची म्हैस कोणी चोरून नेली आणि ती म्हैस सोडवायला निघाली आहे, ही कथासुद्धा पार्लरनंच ठरवली. इतकी वर्षं ती तिथं सगळ्यांना पटली आहे.

आणि एक नियम. समोरचा खाली पडला की त्याला मारायचं नाही. रिमोटवरचे अंगठे वर उचलायचे, ‘उठ!’ म्हणून आवाज द्यायचा, तो उभा राहिला की मग पुढं. हा नियम धर्मेंद्रनं केला, कारण त्या गेममध्ये पडलेल्याला कोपऱ्यात धरून लाथा घालत राहिलं तर तो उठूच शकत नाही, आणि मग टीव्हीतली भांडणं खोलीत येत. रिमोट फुटत, शर्ट फाटत. “मले काही मोठेपना दाखवाचा नोता,” धर्मेंद्र मला म्हणाला, “रिमोट माह्या खिशातून येत होते.” नियम दुकानदारीतून आला खरा, पण दहा-पंधरा वर्षांत त्या पोरांच्या बोटांत मुरला. आज अंबागेटचा पोरगा समोरचा पडताच अंगठे वर करतो. विचार करून नाही करत. शिंक येते तसं करतो.

वर्षाली नवे भागही खेळली आहे, मोबाइलवर पाहिले आहेत, त्यांच्यावरची भांडणं वाचली आहेत; पण कंपनीची परदेशी नावं तिच्या डोक्यात टिकत नाहीत, तिथं पार्लरचीच बसली आहेत. हार ओवता ओवता ती जे बोलते ते कोणत्या पेपरात छापून येत नाही, म्हणून इथं देतो.

“काकाजी, पयला भाग त्याईनं जीव लावून बनवला. दुसरा बरा. तिसऱ्याले तोड नाही. चवथ्यापासून कंपनीले समजलं का लोक नावावर घेतात. मंग मेहनत कायले करन ते? काल उरलेल्या शेवंतीवर पानी मारून ताजी म्हनून इकनं हाये हे. आमी तसं इकलं तं गिऱ्हाईक तोंडावर फेकते. थे इकतात तं लोक लाइन लावतात, आन वरतून टाळ्या वाजवतात.”

“अन् बुढीचं काय केलं म्हणत होतीस?” मी विचारलं.

“सहाव्या भागात बुढीले जवान केलं! कंबर सरळ, कपडे अर्धे. कावून? तं म्हने पोस्टरवर चांगली दिसत नोती. लोक बोंबलले तं आता म्हातारी परत आनली, पन तिचे पैसे येगळे. आपलीच माय आपल्याले इकून राह्यले ना हे!”

बेबीताई शेजारून म्हणाल्या, “पाहा भाऊ, कोन्या बुढीसाठी हे एवढं बोलते. घरच्या बुढीनं पानी मांगतलं तं आयकू येत नाही.”

“तुले कोनं जवान केलं तं तुह्यासाठीबी भांडन मी,” वर्षाली म्हणाली.

सगळ्यात जास्त राग तिला फॅन म्हणवणाऱ्यांचा. “ज्याले आवडते त्यानं तं जास्त बोलाव ना! माय मले रोज बोलते, तिले फिकर हाये म्हनून. हे फॅन कंपनीले एक शब्द बोलू देत नाहीत. नव्या भागात एका टीव्हीवर दोघं बसून खेळनंच बंद करून टाकलं. ज्याच्या त्याच्या घरी ज्याचा त्याचा टीव्ही, ज्याचं त्याचं खातं. मंग धर्मेंद्रभौनं पार्लरात भजे तळाव काय? मी हे लिहिलं तं मले म्हनतात, तू खरी फॅन नाही. कंपनी पगार देत नाही, तरी हे तिच्या गेटवरचे वॉचमन!”

मी हे ऐकून हसलो होतो. वॉचमन प्रत्यक्ष भेटले तेव्हा हसू आलं नाही.

यंदा वार्गनला वीस वर्षं झाली. कंपनीनं तिसराच भाग रंगरंगोटी करून पुन्हा विकायला काढला, आणि अकोल्याच्या एका फॅन क्लबनं त्याच्यावर स्पर्धा ठेवली. धर्मेंद्रनं मोबाइलवर पोस्टर दाखवलं. वर्षालीनं नाव दिलं. जिंकणारा पुण्याला राज्याच्या फेरीत जाणार होता. ती मला म्हणाली, “काकाजी, तुमी चाला संग. धर्मेंद्रभौले दुकान सोडता येत नाही, आन बाबा मले एकटीले जाऊ देत नाहीत. पन एक हाये. तिथं बोलू नोका.”

बडनेऱ्याहून गाडीनं गेलो. गोरक्षण रोडवर एक हॉल, बाहेर कमान, आत अंधार आणि रंगीत दिवे. दारात टेबल. तिथं नाव नोंदवण्याआधी परीक्षा! खरा फॅन कोण हे ठरवायला प्रश्न विचारत होते. बरोबर उत्तर दिलं की मनगटाला काळी पट्टी. चुकलं की पिवळी. काळ्या पट्टीवाले पुढं सोफ्यावर, पिवळे मागं प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर.

टेबलावरच्या पोरीनं विचारलं, “ओस्मारा कशासाठी लढते?”

“ओस्मारा कोन?”

“ही.” तिनं चित्र दाखवलं.

“हे तं बुढी!” वर्षाली खुलून म्हणाली. “तिची म्हैस चोरीले गेली ना.”

टेबलामागचे हसले. मागची रांग हसली. कोणी तरी मोबाइल वर काढून म्हणालं, “पुन्हा बोल, पुन्हा बोल, रील करतो.” तेवढ्यात क्लबचा मुख्य आला. गोपाल त्याचं नाव, दाढी कोरलेली, गळ्यात ओळखपत्र, भाषा अशी की अकोला त्याच्या अंगाला कधी लागलाच नाही. “ॲक्च्युअली, ओस्मारा तिच्या भावाच्या खुनाचा बदला घेत असते. ही बेसिक गोष्ट आहे, ताई. तुम्ही पायरेटेड खेळल्या असणार.” आणि पिवळी पट्टी.

मी विचारलं, “साहेब, ही पिवळी म्हणजे काय?”

“कॅज्युअल. म्हणजे हौशी लोक, काका.”

कमरेत वाकलेल्या बाईच्या हातात काठी पाहून जे तिला आपल्या गल्लीतली म्हातारी समजले, ज्यांनी तिच्यावर जीव लावला, ते हौशी. आणि ज्यांनी कंपनीनं पाठवलेलं पाठ केलं, ते खरे. मी तोंड उघडलं होतं. वर्षालीनं माझी बाही ओढली. “काकाजी. म्हटलं होतं ना.”

खेळ सुरू झाला. स्टेजवर दोन टीव्ही, मधे वायर, वरती मोठ्या पडद्यावर सगळ्यांना दिसत होतं आणि मोबाइलवरही लाइव्ह चालू होतं. मी खेळ पाहत नव्हतो, तिची बोटं पाहत होतो. तीच बोटं, जी निशिगंधाच्या देठात सुई घालताना दिसतात. घाई नाही, थांबणं नाही. पहिला हरला. दुसरा हरला. आणि प्रत्येक वेळी समोरचा पडला की अंगठे वर, आणि हॉलभर ऐकू जाईल असं “उठ!” पहिल्यांदा लोक हसले. मग कुजबुजले. उपांत्य फेरीत समोरच्या पोराच्या पट्टीत काडीभर ताकद उरलेली, तो कोपऱ्यात पडलेला, एक लाथ घातली की संपलं. हिनं अंगठे उचलले. तो उठला, त्यानं तो डाव जिंकला. पुढचा डाव घेऊन मॅच हिनंच जिंकली, पण तोवर सोफ्यावरची पोरं मोबाइल एकमेकांना दाखवायला लागली होती.

गोपालनं माईक घेतला. “मित्रांनो, कॉमेंटमध्ये लोक विचारतायत, आणि मलाही विचारावंसं वाटतं. जिंकता येत असताना कोणी मुद्दाम थांबतं का? लोक ऑनलाइन पैसे लावतात, हे सगळ्यांना माहिती आहे. आम्हाला इथं सेटिंग नको. अशी सेटिंगवाली माणसं वार्गनच्या नावाला डाग आहेत.”

हॉल ‘ओऽऽ’ करून ओरडला. मी खुर्ची मागं सारून उठलो, आणि उठलो तो सरळ स्टेजच्या पायरीवर. “कोणाला म्हणता सेटिंग? पुरावा दाखवा! नाही तर हा हॉल मी—”

“काकाजी, खाली बसा,” वर्षाली स्टेजवरून म्हणाली. “हा मोर्चा नाही.” मग गोपालकडे वळली. “कावून मारू मी त्याले? तो पडला होता ना.”

“ताई, हा गेम आहे. पडलेल्याला मारायचं असतं. तेच तर स्किल आहे.”

“आमच्या पार्लरात नाही मारत.”

“तुमच्या पार्लरचे नियम इथं नाही चालणार. जाणूनबुजून न खेळणं म्हणजे बाद.” त्यानं क्लबच्या चार जणांशी डोकं लावलं. परत येऊन मोठ्या उपकाराच्या आवाजात म्हणाला, “एक चान्स देतो. फायनल खेळा. पण समोरचा पडला आणि तुम्ही थांबलात, की त्याच क्षणी बाद, आणि सेटिंग होती असं आम्ही जाहीर करू.”

माझं रक्त उकळत होतं. म्हणजे बघा: सभ्यपणा केला तर चोर, आणि चोर नाही हे दाखवायचं तर सभ्यपणा सोडा. मी तिला बाजूला घेतलं. “चल पोरी, घरी जाऊ. ह्यांची लायकी नाही.”

“गेली तं काय होईल?” ती म्हणाली. “लाइव्हवर राहीन ना मी जल्मभर. सेटिंगवाली. माय ओट्यावर बसते, काकाजी. तिले लोक येऊन इचारतीन.”

“मग मार. पडला की मार, दोन मिनिटांचं काम.”

तिनं आपल्या अंगठ्यांकडे पाहिलं. “मी म्हनन मार, हे आयकनार नाहीत.” आणि एकदम तिच्या तोंडावर ते हसू आलं, जे गिऱ्हाईक भाव पाडून मागतं तेव्हा येतं. “काकाजी, पाडलंच नाही तं?”

मला काही कळलं नाही. फायनलला कळलं.

समोर होता क्लबचा हिरा. पोस्टरवर ‘क्रिमसन’, मूर्तिजापूरला घरी बंडू. त्याचा हिरवा पहेलवान, हिची बुढी. बुढीच्या काठीचे तीन फटके सलग लागले की समोरचा आडवा होतो, हे मला तिनं नंतर सांगितलं. तिनं दोनच मारले. दोन मारायचे आणि मागं सरायचं. टुक, टुक, मागं. पहेलवान धावून आला की काठीच्या टोकानं गुडघ्यावर टुक, टुक, पुन्हा मागं. ना कोणी पडलं, ना कोणाला उठायची गरज. बंडूची पट्टी दोऱ्यासारखी उसवत गेली. मधे एकदा त्यानं बुढीलाच आपटलं आणि पडलेली असताना चार लाथा घातल्या. सोफ्यावर टाळ्या पडल्या. कोपरा लांब होता म्हणून ती उठली. टुक, टुक, मागं. घड्याळ संपलं. पहिला डाव तिचा.

“हे काय खेळणं आहे!” सोफ्यावरून ओरडा सुरू झाला. “बोअर! वार्गनचा अपमान आहे हा!”

दुसऱ्या डावात बंडूचा घाम हनुवटीवरून गळत होता. पडून उठताना पहेलवानाला क्षणभर कोणी मारू शकत नाही आणि तो उसळून मोठा वार करतो. बंडूचं सगळं कसब त्या वारात. तो वार करायला आधी पडायला पाहिजे. आणि ही पाडेना.

“पाड ना वं एकदा!” तो ओरडला, मूर्तिजापूरच्या भाषेत.

“तूच पड ना, तुले कोन धरून ठेवलं?” वर्षाली पडद्यावरून नजर न काढता म्हणाली. मागच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या हसून हसून वाजायला लागल्या.

घड्याळ संपलं. बुढीची पट्टी जास्त.

नियमांत हे कुठंच चुकीचं नव्हतं. चौघांनी पुन्हा डोकं लावून पाहिलं, मोबाइलवर नियमावली वरखाली केली. सापडलं नाही. शेवटी गोपालनं कप उचलला आणि चेहरा गोड करून माईकवर म्हणाला, “तर मंडळी, जरा हटके स्टाइलनं, आजच्या विजेत्या, अमरावतीच्या वर्षालीताई!”

तिनं कपाला हात लावला नाही. “आधी थे वापस घ्या.”

“काय?”

“सेटिंगवाली म्हनलं थे.”

गोपालनं माईक तोंडापासून दूर केला. “ताई, ते हीट ऑफ द मोमेंट होतं. रात्री पेजवर पोस्ट टाकतो ना आम्ही. छान डिझाइन करून.”

“माइकवर बोलले, माइकवरच वापस घ्या. डिझाइन नाही पाह्यजे.”

“लाइव्ह चालू आहे, ताई.”

“मले बोलले तवाबी चालूच होतं.”

मागच्या खुर्च्यांवरून आवाज आला, “वापस घे!” मग दुसरा. पिवळ्या पट्ट्यांचे हात वर व्हायला लागले. बंडूनं रिमोट टेबलावर ठेवला, शर्टानं तोंड पुसलं आणि गोपालला म्हणाला, “घे ना बे वापस. हरलो मी. तिनं सेटिंग केली असती तं मी कावून हरलो असतो?”

गोपालनं माईक तोंडाशी नेला आणि भराभर काही पुटपुटला.

“आयकू नाही आलं,” वर्षाली म्हणाली.

“वर्षालीताईंनी सेटिंग केलेली नाही.”

“मागंच्या लोकाईले नाही आलं आयकू.”

आणि तेव्हा, बाप्पा, त्या कोरलेल्या दाढीतून पहिल्यांदा अकोला बाहेर पडला. “नाही केली तिनं सेटिंग! चुकलं माह्यं! झालं आता?”

“झालं,” ती म्हणाली, आणि कप घेतला.

ही गोष्ट इथं संपली असती तर मी लिहायला बसलो नसतो. क्लबनं लाइव्ह काढून टाकलं आणि त्या दिवसाचं चित्रीकरण आपल्या पेजवर चढवलं. म्हशीवरचं हसणं आहे. ‘सेटिंगवाली माणसं’ आहे, पूर्णच्या पूर्ण. फायनल आहे, तिच्यावर संगीत लावून. पण कप उचलल्यापासून तो तिनं घेईपर्यंतचं सगळं कापलं आहे. गोपालच्या हातून कप सरळ वर्षालीच्या हातात जातो, मधलं जणू काही झालंच नाही. मी फोन केला तर म्हणतात, व्हिडिओ फार लांब होत होता. त्याच्याखाली आजही कोणी ना कोणी लिहितं, ‘हीच ना ती सेटिंगवाली?’ आणि बेबीताईंच्या ओट्यावर हार घ्यायला आलेलं एखादं पोरगं मोबाइल पुढं करून विचारतं.

पुण्याची फेरी पुढच्या महिन्यात आहे. वर्षाली जाणार आहे. मी तिला म्हटलं, क्लबच्या दारात धरणं धरतो. ती म्हणाली, “धरा. पन आधी जे कापलं थे लिहून काढा.” लिहिलं. हॉलमध्ये मागच्या खुर्च्यांवर जे होते, पिवळ्या पट्ट्या बांधलेले, त्यांनी हे वाचावं आणि त्या व्हिडिओखाली आपापल्या नावानिशी लिहावं: आम्ही तिथं होतो, गोपालनं माईकवर शब्द परत घेतला, आणि मागच्या रांगेपर्यंत तो ऐकू आला.